खेकड्याचं ऑइल

माझे थोरले साडू म्हणजे माणसापेक्षा इंजिन ऑइलवर जास्त विश्वास ठेवणारा आमच्या जिल्ह्यातला शेवटचा गृहस्थ. खरं तर त्यांचा ऑइलवरही विश्वास नव्हता; होता तो फक्त त्यांनी स्वतःच्या हातानं बदललेल्या ऑइलवर. सीलबंद डब्यावर नव्हता, डबा भरणाऱ्या कंपनीवर नव्हता, कुठल्याही मेकॅनिकवर नव्हता, आणि ज्याच्या दुकानातून तो डबा यायचा त्या माझ्यावर तर मुळीच नव्हता. मी केडगावला पुणे रस्त्याच्या कडेला जुने ट्रॅक्टर आणि शेतीची यंत्रं घेतो-विकतो. रॉकेलच्या घमेल्यात दुसऱ्यांचे नटबोल्ट धुण्यापासून सुरुवात केली आणि आज गाळा माझा आहे, पाटी माझी आहे. तिथवर मला कुणी ढकलत आणलेलं नाही. व्यवहारात मी चिवट आहे, तोंडाचा फटकळ आहे, राग लवकर येतो आणि उशिरा जातो. हे लोक माझ्यामागे बोलतात, मला त्याचं काही वाटत नाही. पण माझ्या मालात खोट आहे असं चारचौघांत म्हणणारा माणूस मला आयुष्यात एकच भेटला, आणि तो माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा निघाला.

मी त्यांना दाजी म्हणायचो आणि ते मला पाव्हणं. भांडण तापलं की मी शेठ व्हायचो. त्यांची शेती श्रीगोंद्याच्या बाजूला, कॅनॉलच्या पलीकडे. वस्तीपासून डांबरी रस्त्यापर्यंतची वाट सगळी काळ्या मातीची, पावसाळ्यात बैलसुद्धा पाय टाकायच्या आधी विचार करील अशी. ऐन गळीत हंगामात उसाच्या ट्रॉलीवरून पडून दाजींचा उजवा गुडघा कायमचा ताठ झाला होता. मोटारसायकलवर टांग टाकता येईना, ट्रॅक्टरवर चढता येईना, आणि बांधावर गेल्याशिवाय करमेना. त्याच सुमारास डोंगराकडचं एक बंद पडलेलं रिसॉर्ट सामान विकत होतं. तिथं पर्यटकांना चिखलात फिरवायची एक एटीव्ही धूळ खात पडली होती. चार ढबोळी चाकं, मधे घोड्यासारखी बैठक, पुढे मोटारसायकलचं हँडल. मी तीन चकरा मारून, दोनदा उठून निघून जाऊन, ती पदरात पाडून घेतली आणि मिळाली त्याच भावात दाजींना दिली. त्यांनी यंत्राभोवती फेरी मारली, खाली वाकून पाहिलं आणि म्हणाले, "ऑइल तुमीच टाकलंय का? मंग आदी ते काडून टाकू." आभाराचं एवढंच बोलले.

आक्कांनी, म्हणजे माझ्या मेव्हणीनं, त्या यंत्राचं नाव खेकडा ठेवलं, कारण चिखलात ते तिरकं तिरकं चालायचं. पुढे ताठ पाय बाहेर काढून बसलेले दाजी आणि मागच्या कॅरिअरवर उलट्या तोंडानं, मांडीवर घासाचा भारा घेऊन बसलेल्या आक्का, अशी ती स्वारी बांधावरून निघाली की शेजारपाजारचे लोक काम सोडून बघायचे. आक्का म्हणायच्या, "हे म्होरं बघत्यात, मी मागं बघती. दोघांत मिळून सगळं रान दिसतं."

त्या खेकड्याचं ऑइल बदलणं हे दाजींच्या घरातलं मोठं कार्य होतं. कुठलाही शहाणा माणूस काय करतो? इंजिन जरा फिरवून गरम करतो, खालचा बोल्ट काढतो, काळं ऑइल उतरू देतो, जुना फिल्टर फिरवून काढतो, नव्या फिल्टरच्या रबराला बोटानं ऑइल लावून तो हातानं आवळतो, बोल्ट बसवतो, नवं ऑइल ओततो आणि चहाला जातो. दाजी आधी खेकड्यावर बसून घराला तीन फेऱ्या मारायचे, इंजिनाला कानटोपीसारखं पोतं गुंडाळायचे आणि ऊब आत मुरू द्यायचे. निघालेलं काळं ऑइल दोन बोटांत चोळून त्याचा वास घ्यायचे, मग थेंब जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदावर टाकून त्याचा डाग कसा पसरतो ते बघत बसायचे. नवं ऑइल, माझ्या सीलबंद डब्यातलं, ते जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळून घ्यायचे. मी समोर बसलेलो असताना. फडक्यावर काही सापडायचं नाही. मी म्हणायचो, निघालं का काही? ते फडकं उन्हाकडे धरून म्हणायचे, "लई बारीक आसंल तर दिसत न्हाई."

रबराच्या गोल कडीवर तर त्यांचा जीव. फिल्टर बसवण्याआधी ऑइलात बुडवलेलं बोट त्या कडीवरून डोळे मिटून फिरवायचे, एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून. जरा कण लागला की पुसायचे आणि पहिल्यापासून सुरू. "डोळ्याला दिसत न्हाई ते बोटाला घावतं," असं त्यांचं म्हणणं.

उतरलेलं ऑइल फेकायचं नाही. वाळवी लागू नये म्हणून ते गोठ्याच्या मेढींना लावलं जाई, मग फाटकाला, शिडीला, खाटेच्या पायांना. घरात शिरलं की गॅरेजचा वास यायचा. एकदा चौकटीला ऑइल फासताना आक्का म्हणाल्या, "देव्हारा पन लाकडाचाच हाय बरं." दाजी थोडा वेळ खरोखर विचार करत उभे राहिले होते.

माणसांकडेही ते यंत्रासारखंच बघायचे, आणि तिथं त्यांचं बोलणं अंगावर यायचं. कुणी खोकलं की दाजी मान तिरकी करून ऐकायचे आणि म्हणायचे, पिस्टनच्या रिंगा गेल्या. कुणाचा चेहरा सुजलेला दिसला की म्हणायचे, ह्याचा फिल्टर तुंबला. आमच्या सासऱ्यांना भेटायला आम्ही दोघं गेलो, तर बाहेर आल्यावर चपला घालता घालता म्हणाले, "पाव्हणं, दिवाळी काडत न्हाई हे इंजिन." दिवाळीआधीच सासरे गेले. स्मशानात सगळे गप्प उभे असताना दाजी माझ्या कानाशी म्हणाले, "मानसाला खालनं बोल्ट पायजे हुता. वरनं धुतो आपन, आतलं काळं उतरायची सोयच न्हाई." मला हसू आलं, ते मी रुमालात दाबलं. आता आठवलं तर हसू येत नाही.

आता माझं गाऱ्हाणं. आमच्या पुतणीच्या साखरपुड्यात, पंगत बसलेली, दोन्हीकडचे पाहुणे हजर, कुणीतरी मला ट्रॅक्टरसाठी ऑइलचे डबे पाठवायला सांगत होतं. दाजी भात कालवता कालवता म्हणाले, "जपून घ्या. केडगावला डबा भरतो घरी, आन सील पन घरचंच." सगळी पंगत हसली. ते गमतीत म्हणाले असं माझी बायको आजही सांगते. पण त्यानंतर आमच्या सोयऱ्यांत माझ्याकडून डबा घेणारा प्रत्येक जण झाकण उघडून आधी वास घ्यायला लागला. ज्या माणसानं कधी ऑइल पाहिलं नाही तोसुद्धा दोन बोटांत चोळून मान हलवायला लागला. मी ताटावरून उठलो होतो. दाजींना मी नंतर तोंडावर विचारलं, तर म्हणाले, "मंग कशाला येवढं लागलं, खोटं आसंल तर?" तो शब्द त्यांनी कधीच मागे घेतला नाही. आणि तरीही दरवर्षी फिल्टर आणि डबा घ्यायला माझ्याचकडे यायचे, पेपरात गुंडाळलेली भाकरी खात, अर्धा दिवस घासाघीस करायचे. दुसरीकडे गेले असते तर मला बरं वाटलं असतं की वाईट, हे मला आजही सांगता येत नाही.

आणि आता त्यांच्या सगळ्या खुळांतलं मोठं खूळ. खेकड्याचं ऑइल ते नवरात्रातच बदलायचे. अष्टमीच्या संध्याकाळी बोल्ट आणि फिल्टर काढून ठेवायचे, म्हणजे जुन्या ऑइलाचा शेवटचा थेंबही रात्रभरात गळून जातो. खंडेनवमीला हत्यारांची पूजा. त्या दिवशी आमच्याकडे पाना-हातोडा पुजला की दसऱ्यापर्यंत त्याला हात लावत नाहीत. दाजींच्या पूजेत पाने तर असायचेच, पण धुऊन लखलखीत केलेला तो खालचा बोल्ट, ऑइलचा डबा आणि नवा फिल्टरसुद्धा तोंड वर करून ताटात बसायचा. हळदकुंकू, झेंडू, अक्षता. दसऱ्याच्या सकाळी पूजा हलवायची, रबर पुसायचं, बोट फिरवायचं, मग सगळं जोडायचं. म्हणजे नवमीचा अख्खा दिवस खेकडा पोटात थेंब नसलेला उभा. मी दरवर्षी सांगायचो की अर्ध्या तासात उतरतं सगळं, यंत्र असं उघडं ठेवू नका, अडीनडीला लागलं तर? ते म्हणायचे, "सनासुदीला कोन चाललंय कुटं?"

तीन वर्षांपूर्वी परतीचा पाऊस नवरात्रातच कोसळत होता. वाट पार चिखलात गेलेली. आक्कांच्या छातीत आठवडाभर जळजळत होतं. सगळ्या गावाच्या रिंगा ऐकणाऱ्या माणसानं ते पित्त ठरवलं, आणि आक्काही पित्तच म्हणत होत्या. नवमीला पूजा झाली, नैवेद्य झाला आणि दुपारी आक्का चुलीपाशी बसल्या त्या उठेनात. घामानं भिजल्या, डावा हात धरून कण्हायला लागल्या. मुलगा चाकणला कंपनीत, वस्तीवर दोघंच. दाजींनी अँब्युलन्सला फोन केला आणि मग मला केला. "पाव्हणं, हिला कसंतरी हुतंय," एवढं म्हणाले. मी गाडी काढली, पण केडगावहून तिथं पोचायला वेळ लागणारच. अँब्युलन्स लवकर आली, आणि डांबरीवर थांबली. त्या चिखलात तिचं चाक एक हात पुढे गेलं नसतं. वस्तीपासून तिथपर्यंत जाऊ शकेल असं एकच यंत्र होतं.

पुढचं दाजींनी मला नंतर थोडं थोडं सांगितलं. त्यांनी पुजलेल्या ताटात हात घातला, तर आक्का पडल्या पडल्या म्हणाल्या, "आवो, पूजा मोडू नगा. बसंल कळ." त्यांनी ऐकलं नाही. फुलं बाजूला सारली, ताठ पायानं चिखलात आडवे झाले, बोल्ट आवळला, फिल्टर फिरवून बसवला, डबा फोडून ओतला. फडकं नाही, गाळणं नाही. आक्कांना मागे कॅरिअरवर बसवलं आणि साडीनं स्वतःच्या कमरेशी बांधून घेतलं. त्या दिवशी दोघंही पुढेच बघत होते. खेकडा निघाला, कॅनॉलचा पूल ओलांडला, डांबरी दिसायला लागली, अँब्युलन्सचा दिवा दिसायला लागला आणि इंजिन कर्रकन् आवाज करून जागेवर जाम झालं. मागे वाटभर चिखलावर ऑइलचा पट्टा पडलेला होता. डांबरीवरची माणसं धावत आली, आक्कांना चादरीत घालून पोटरीभर चिखलातून नेऊ लागली. दाजींना त्यांच्याबरोबर पळता येईना. ते खेकड्याचं हँडल धरून उभे राहिले. दवाखान्यात पोचायच्या आधीच आक्का गेल्या. मी पोचलो तेव्हा दाजी तिथंच, पुलाच्या अलीकडे, त्या यंत्राशेजारी चिखलात बसलेले होते. मला बघून म्हणाले, "कशानं गेलं, बघा."

तेराव्याच्या आधी मी खेकडा टेम्पोत घालून केडगावला आणला. माझ्या मेकॅनिकना दूर केलं आणि स्वतः उघडला. फिल्टर फिरवला तर सैल नव्हता. पत्र्यावर कुंकवाची बोटं तशीच होती. उलटा केला, आणि रबराच्या कडीत, चपटा झालेला, कुंकवानं लाल, एक तांदूळ अडकलेला दिसला. अक्षतेचा. तेवढ्या फटीतून सगळं ऑइल गेलं होतं. बोट फिरवलं असतं तर घावला असता.

मी तो तांदूळ तळहातावर घेऊन बराच वेळ बसलो. खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा मनात आलं ते दुःख नव्हतं. मनात आली ती साखरपुड्याची पंगत. आता सगळ्या सोयऱ्यांसमोर सांगता येणार होतं की माझा डबा शुद्ध होता, फिल्टर चोख होता, आणि गळलं ते का गळलं. वाक्यसुद्धा जुळवलं होतं. तेराव्याला जाताना गाडीत ते मनाशी म्हणूनही पाहिलं.

जेवणं झाल्यावर मांडवात माणसं बसली होती. दाजींनी मुंडण केलेलं डोकं वर केलं आणि विचारलं, "उघडलं का? कशानं गेलं?"

मी त्यांच्या हाताकडे पाहिलं. उजव्या हाताचं पहिलं बोट ते अंगठ्यावर सारखं फिरवत होते, गोल गोल, डोळे मिटून फिरवायचे तसं.

"फिल्टर खराब निघाला," मी म्हणालो. "रबर चिरलेलं होतं आतून."

"तुमच्या दुकानातला फिल्टर."

"व्हय. माझ्याच दुकानातला."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग आजूबाजूच्या माणसांकडे वळून म्हणाले, "मी म्हनत हुतो का न्हाई?"

मांडवातल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. त्या बघण्यानं माझं काय झालं ते सांगत बसत नाही. परतीच्या वाटेवर माझी बायको खिडकीबाहेर बघत बसली. तिनं मला एका शब्दानं विचारलं नाही, नंतरही कधी विचारलं नाही. तिची बहीण गेली होती, आणि सगळ्या जगाच्या हिशेबानं ती माझ्या दुकानातल्या मालानं गेली होती. ती मला जेवायला वाढायची आणि ताटाकडे न बघता आत जायची. तिला सांगितलं असतं तर तिच्या माहेरच्या पहिल्या भांडणात ते बाहेर आलं असतं आणि दाजींपर्यंत पोचलं असतं. म्हणून नाही सांगितलं. रागानं फरशीवर पाना आपटून दोन टवके काढले, पण सांगितलं नाही.

दाजींनी मात्र त्या खोट्याचा पुरेपूर फायदा उठवला. खेकड्याचं इंजिन दुरुस्त करायचं ठरलं तर म्हणाले, "माल खराब तुमचा, तर काम बी तुमचंच." जन्मभर घासाघीस केलेला मी, माझ्याच तोंडच्या वाक्यात अडकलो. यंत्र फुकट उभं करून दिलं आणि टेम्पोचं भाडंही भरलं. नेताना इंजिनाला कान लावून म्हणाले, "बरं झालंय. पर आवाज पयल्यासारखा न्हाई."

पुढच्या नवमीला मी मुद्दाम गेलो, नवा फिल्टर घेऊन. घर झाडलेलं होतं, ऑइलचा वास तसाच होता. खेकडा अंगणात उभा. मी वाकून पाहिलं तर खालचा बोल्ट जागेवर, ऑइल आधीच बदललेलं. पोट भरलेलं यंत्र दाराकडे तोंड करून ठेवलं होतं, जणू कुणी हाक मारली तर निघायला. आत दाजींनी पूजा मांडली. पाने ठेवले, मी आणलेला फिल्टर ठेवला, आणि त्याच्या तोंडावर स्टीलची वाटी उपडी घातली. हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला. मग अक्षतांची मूठ उचलली आणि हात तसाच थांबला. ते उठले, ताठ पाय ओढत अंगणात गेले आणि ती मूठ कोंबड्यांना टाकली. परत येऊन बसताना माझ्याकडे न बघता म्हणाले, "फूल पुरं झालं त्याला."

त्यांना ठाऊक होतं. कधीपासून, ते मला कळलं नाही. कदाचित मांडवात विचारलं तेव्हाही ठाऊक असेल. मी त्यांना चहा करायला सांगितलं, ते म्हणाले साखर संपलीय, आणि आम्ही बिनसाखरेचा चहा प्यायलो. संध्याकाळी शेजारचे दोघं-तिघं आले तेव्हा माझ्यादेखत त्यांना म्हणाले, "ह्यांच्या फिल्टरानं घात केला गड्या." मी मान खाली घातली. मला राग आला. पण त्या रागात आता बसायला जागा झाली होती, दोघांपुरती.

दाजी मागच्या उन्हाळ्यात गेले, झोपेतच. मी ज्याची वाट बघत होतो ते एक वाक्य, "पाव्हण्यांच्या मालात खोट नव्हती", ते न म्हणताच गेले. माझ्या बायकोलाही हे सगळं आता वाचूनच कळेल. मुलानं खेकडा मला विकायला दिला. गिऱ्हाइकं येतात, मी भाव असा सांगतो की ते उठून जातात.

परवा त्याचं ऑइल बदललं. पोरांना बाजूला व्हायला सांगितलं आणि स्वतः खाली बसलो. नवा फिल्टर खोक्यातून काढला, बोट ऑइलात बुडवलं आणि रबरावरून फिरवलं, एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून. काही लागलं नाही. तरी डोळे मिटून पुन्हा एकदा फिरवलं.